७०.७ सीसी चेनसॉ: रिकामा वेग तोच, कापातली ताकद जास्त – प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२४ – हात लावण्याआधीची तपासणी

मशीन: टू-स्ट्रोक, बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३६ मिमी. मॅग्नेशियमचं क्रँककेस, आतून निकल-सिलिकॉन कार्बाइडचा थर दिलेला सिलेंडर, एकच पिस्टन रिंग. ५० सेमीची बार (जिच्या कडेने चेन फिरते ती पट्टी), ३/८ पिचची चेन, ७ दात्यांचं रिम स्प्रॉकेट (चेन ओढणारं चाक).

उद्दिष्ट आधीच ठरवून घेतलं आहे. बार पूर्ण ओंडक्यात असताना चेन मंदावता कामा नये. रिकाम्यात फिरण्याची कमाल मर्यादा मात्र मुळातली १३,५०० आरपीएमच राहील. या वेगाला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.२ मीटर होतो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. १३,५०० चे १५,००० केले, तर वेग ११ टक्के वाढतो आणि ताण २३ टक्क्यांनी. तो ताण रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगने रोज सोसायचा, आणि लाकूड कापायला त्याचा उपयोग शून्य, कारण कापात इंजिन साडेआठ ते साडेनऊ हजारांवरच चालतं.

आजची मोजणी:

कॉम्प्रेशन १५० पीएसआय (पूर्ण थ्रॉटल, काटा थांबेपर्यंत दोरी ओढून).

दाब चाचणी: एक्झॉस्टवर मफलरखाली रबराचा तुकडा, इनटेकला पट्टी लावून दोन्ही बंद. ०.५ बार दाब एक मिनिट टिकला. ०.५ बार निर्वातही टिकला.

क्रँकला उभा किंवा आडवा खुळखुळा नाही. एक्झॉस्टमधून दिसणारा पिस्टन स्वच्छ, उभ्या रेघा नाहीत.

निर्वात चाचणीत नापास झालेल्या इंजिनाचं पोर्टिंग (सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्या, म्हणजे पोर्ट, कापून सुधारणं) करू नये. जे इंजिन आधीच कुठूनतरी हवा ओढतंय, त्याचं मिश्रण लीन असतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल आणि त्यासोबत येणारं ऑइलही कमी. त्यात ताकद वाढवली की उष्णता वाढते आणि पिस्टन सिलेंडरला धरतो. दोष पोर्टिंगच्या नावावर जातो, असतो मात्र सीलमध्ये.

३ नोव्हेंबर – मूळ वेळेची नोंद

३० सेमी चौरस, सुकलेला कठीण लाकडाचा ठोकळा. चेन नवी धार लावलेली, डेप्थ गेज (दाता किती खोल कापेल ते ठरवणारा फरक) ०.६५ मिमी. ही चेन फक्त चाचणीसाठी बाजूला ठेवली आहे. पाच काप, पहिला आणि सर्वांत वेगळा पडलेला एक सोडून तिघांची सरासरी: १४.६ सेकंद. कापात टॅकोमीटर ८,७०० च्या आसपास. बार स्वतःच्या वजनाने उतरू दिली, हाताने दाबली नाही. दाबाचा फरक आला की सगळे आकडे बिनकामाचे होतात.

५ नोव्हेंबर – मफलर, आणि आज फक्त मफलर

एका वेळी एकच बदल. सगळं एकदम केलं, तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही.

मफलरची मूळ तोटी साधारण १३० चौरस मिमी. पोर्टचं तोंड रुंद केल्यावर सुमारे ३४० चौरस मिमी होणार आहे, आणि बाहेर पडायची वाट त्याच्या पाऊण हिश्शाच्या आसपास असावी हा कामचलाऊ अंदाज. म्हणून पुढच्या पत्र्याला १३ मिमी आतल्या व्यासाची नळी ब्रेझिंग करून जोडली. भर पडली १३३ चौरस मिमीची, एकूण २६३, म्हणजे ७७ टक्के. त्याहून मोठं भोक पाडलं, तर आवाज वाढतो, ताकद वाढत नाही.

ठिणग्या अडवणारी जाळी दोन्ही तोंडांना आहे. जाळीचा निम्मा भाग तारांनीच भरलेला असतो, म्हणून जाळीचं क्षेत्रफळ भोकाच्या दुप्पट ठेवलं. जाळी काढून मशीन चालवणं म्हणजे कोरड्या पाचोळ्यात काडी टाकणं. नळीचं तोंड मशीनच्या प्लॅस्टिकपासून, इंधनटाकीपासून आणि चालवणाऱ्याच्या हातापासून दूर वळवलं आहे.

पहिल्या स्टार्टलाच रिकामा वेग १४,१०० ला गेला. म्हणजे लीन. वाट मोकळी झाली, हवा जास्त जायला लागली आणि एच स्क्रू (पूर्ण वेगाला जाणारं पेट्रोल ठरवणारा, उघडला की पेट्रोल वाढतं) मात्र जुन्याच जागी. एक फेऱ्यावरून सव्वा फेऱ्यावर आणला, वेग १३,२०० वर आला. मफलर मोकळा करून कार्ब्युरेटरला हात न लावणं, हे पिस्टन धरण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

सरासरी काप १३.४ सेकंद. एवढ्यावर थांबलं तरी बऱ्याच जणांचं काम भागेल.

९ नोव्हेंबर – सिलेंडर उतरवण्याआधी अंश आणि स्क्विश

क्रँकवर अंशचकती लावली. टीडीसी, म्हणजे पिस्टनची सर्वांत वरची जागा, नुसत्या डोळ्यांनी धरायचा नाही. प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप घालून दोन्ही बाजूंनी टेकवायचं आणि दोन आकड्यांचा मध्य घ्यायचा. प्रत्येक पोर्ट उघडण्याचा अंश:

एक्झॉस्ट टीडीसीनंतर १०१ (एकूण उघडा काळ १५८ अंश)
ट्रान्सफर (क्रँककेसमधून ताजं मिश्रण वर आणणारं पोर्ट) टीडीसीनंतर ११९ (१२२ अंश)
इनटेक टीडीसीआधी ७३ (१४६ अंश)

एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंतचा ब्लोडाऊन १८ अंश.

स्क्विश, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना त्याच्या कडेची आणि सिलेंडरच्या माथ्याची फट: १.५ मिमीची सोल्डर तार प्लगच्या भोकातून भिंतीला टेकेपर्यंत घातली आणि क्रँक फिरवली. तार पिस्टन पिनच्या रेषेतच घालायची, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. एक्झॉस्ट किंवा इनटेकच्या बाजूला घातली, तर पिस्टन पिनवर डुलतो आणि फट खोटी दिसते. चेपलेल्या टोकाची जाडी: १.०५ आणि १.०७ मिमी.

बेस गॅस्केट (सिलेंडर आणि क्रँककेस यांच्यामधलं) मोजलं: ०.५० मिमी.

१० नोव्हेंबर – गॅस्केट काढायचं की सिलेंडर लेथवर घालायचा

गॅस्केट काढून नुसत्या लिक्विड गॅस्केटवर सिलेंडर बसवला, तर स्क्विश ०.५५ वर येतो. या आकाराच्या इंजिनाला ०.५० ही खालची हद्द. त्याखाली गेलं, की गरम रॉड लांबतो, बेअरिंगची ढील निघते आणि पिस्टन माथ्याला शिवू लागतो. ०.५५ मिळतोय, तर लेथची गरजच नाही.

अर्धा मिमी उतरल्याने काय काय बदलतं ते आधी कागदावर काढलं. दहन कक्षातून ०.९८ सीसी कमी होतात. पिस्टन टीडीसीला ठेवून बारीक नळीने ऑइल भरून मोजलेला कक्ष ७.५ सीसी होता, तो ६.५ होईल. एक्झॉस्ट बंद झाल्यापासूनचं कॉम्प्रेशन गुणोत्तर ७.२ वरून ८.४ ला जातं. इतकी वाढ पुरे.

पोर्टचे अंशही सरकतात. या स्ट्रोकला एक्झॉस्टच्या छपराजवळ (वरच्या कडेजवळ) एक अंश म्हणजे साधारण ०.२९ मिमी, ट्रान्सफरजवळ ०.२३, इनटेकजवळ ०.३३. त्यामुळे एक्झॉस्ट १०२.७ ला उघडेल, ट्रान्सफर १२१ ला, आणि इनटेक उलट दीड अंश लवकर, ७४.५ ला. इनटेक पिस्टनच्या खालच्या कडेने उघडतो, म्हणून सिलेंडर उतरला की त्याचा काळ वाढतो. ब्लोडाऊन जवळपास तोच राहतो.

इथे बहुतेक जण लगेच एक्झॉस्टचं छप्पर वर कापून जुना अंश परत मिळवतात. या कामात ते करायचं नाही असं ठरलं. छप्पर वर गेलं की स्फोटाचा दाब पिस्टनला ढकलण्याआधीच बाहेर पडतो. ताकद वरच्या वेगाकडे सरकते आणि कापातली ओढ जाते. त्याऐवजी रुंदी घ्यायची. तेवढ्याच अंशांत जास्त मोठं तोंड उघडतं, गॅस लवकर निघतो आणि पॉवर स्ट्रोकची लांबी शाबूत राहते.

एक धोका मात्र तपासावाच लागतो. सिलेंडर उतरला, म्हणजे एक्झॉस्टचा तळही उतरला. पिस्टन टीडीसीला असताना त्याचा स्कर्ट (खालची भिंत) त्या तळाच्या खालपर्यंत पुरतो का? पुरला नाही, तर एक्झॉस्ट आणि क्रँककेस थेट जोडले जातात. क्रँककेसला निर्वातच धरता येत नाही. सिलेंडर गॅस्केटशिवाय नुसता बसवून बॅटरीच्या प्रकाशात पाहिलं: १.८ मिमी झाकण शिल्लक. चालेल. एक्झॉस्टचा तळ अजिबात कापायचा नाही.

१६ नोव्हेंबर – एक्झॉस्ट पोर्ट

मूळ रुंदी सरळ रेषेत २९ मिमी, बोअरच्या ५८ टक्के. लक्ष्य ३२ मिमी, ६४ टक्के. पिस्टनचा स्कर्ट त्या बाजूला ३७ मिमी रुंद, म्हणजे दोन्हीकडे अडीच मिमी झाकण राहतं. दोन मिमीच्या आत जायचं नाही.

मोजताना एक फसगत होते. सिलेंडरच्या आतल्या भिंतीला कागद लावून पोर्टचा ठसा घेतला, की कागदावर भिंतीची वक्र लांबी दिसते, सरळ रुंदी नाही. २९ मिमीचं पोर्ट कागदावर ३०.९ भरतं, आणि ३२ च्या पोर्टसाठी कागदावर ३४.७ ची खूण हवी. ही गल्लत झाली, तर पोर्ट एकतर अरुंद राहतं किंवा स्कर्टबाहेर जातं, आणि कापलेलं परत भरता येत नाही.

काटकोनी हँडपीस, थरासाठी डायमंड बर (फिरून कापणारं छोटं टोक), मागच्या ॲल्युमिनियमसाठी कार्बाइड बर. ॲल्युमिनियम बरच्या दातांत भरतं, म्हणून दर मिनिटाला रॉकेलचा थेंब. मास्क आणि चष्मा लावूनच, ही धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

बर फिरण्याची दिशा महत्त्वाची. बरचा कापणारा दात बोअरच्या बाजूने पोर्टच्या आत जायला हवा, म्हणजे थर मागच्या धातूवर दाबला जातो. उलट फिरला, तर दात थराला आतून उचकटतो आणि कडेने टिकली उडते. ती टिकली साधी डोळ्यांना दिसणार नाही, पण रिंग तिथून दर मिनिटाला हजारो वेळा जाते. मग रिंग त्या कडेला खात बसते.

आकार हा खरा विश्वासार्हतेचा भाग. रिंग बाहेरच्या बाजूला ताणलेली असते. पिस्टन खाली येताना रिंग खिडकीवर आली, की तिचा मधला भाग खिडकीत किंचित फुगतो. वर जाताना तो फुगवटा छपराने परत आत लोटायचा असतो. छप्पर सरळ रेषेत असेल, तर रिंग एकदम सगळीकडून आपटते. कमानीचं असेल, तर कोपऱ्यांकडून मध्याकडे हळूहळू आत सरकते. म्हणून छपराचा मध्य तसाच ठेवून फक्त कोपरे बाहेर नेले. दोन्ही वरच्या कोपऱ्यांची गोलाई ७ मिमी. रुंदी जितकी जास्त, तितकी कमान जास्त हवी.

शेवटी सर्व कडांना चँफर (कड तिरपी घासणं): वर आणि खाली साधारण ०.७ मिमी, बाजूंना त्याच्या निम्मा. बारीक दगडाने, मग बोटावर गुंडाळलेल्या ४०० आणि ६०० नंबरच्या पेपरने. तपासणी नखाने. कडेवरून नख खालून वर ओढायचं; जिथे नख अडतं तिथे रिंग अडणार. दोन जागी अडलं, पुन्हा पेपर.

आतला मार्ग ३२० पर्यंत गुळगुळीत, म्हणजे काजळी कमी धरते.

१७ नोव्हेंबर – इनटेक आणि ट्रान्सफर

इथे थोडंच काम. इनटेकचा काळ आधीच १४९ अंश झालाय. तळ आणखी कापला, तर कमी वेगात मिश्रण कार्ब्युरेटरमधून उलटं थुंकतं आणि आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचं मंद फिरणं) बिघडतं. रबरी मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरकडून येणारी नळी) आणि सिलेंडर यांच्या जोडात ०.८ मिमीची पायरी होती, ती उतरती केली. भिंत आरशासारखी चकचकीत करण्यात काही मिळत नाही.

ट्रान्सफरची वरची तोंडं इनटेकच्या भिंतीकडे वळलेली असतात, म्हणजे ताजं मिश्रण थेट एक्झॉस्टकडे पळत नाही. त्यांना बर लावला नाही. खाली क्रँककेसशी जुळताना एका बाजूला धातू आत आलेला होता, तो कानसीने घासला. कानसच, ग्राइंडर नाही. क्रँककेस मॅग्नेशियमचं आहे. त्याचा बारीक चुरा ठिणगीने पेटतो आणि पाणी ओतलं तर आग भडकते. जवळ कोरडी वाळू ठेवली होती, चुरा लगेच गोळा केला.

२३ नोव्हेंबर – जोडणी, आणि एक चूक

सिलेंडर गरम साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला, वाळवला, ऑइल लावलं. पांढरा कपडा आत फिरवून करडा डाग आला की पुन्हा धुवायचं. डायमंडची धूळ राहिली, तर पिस्टन पहिल्याच टाकीत खराब होतो.

नवी रिंग सिलेंडरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून टोकांची फट मोजली: ०.२५ मिमी. फट शून्याकडे गेली, तर गरम रिंगची टोकं एकमेकांना भिडून ती मोडते. रिंगची टोकं पिस्टनवर रिंगच्या खाचेतल्या छोट्या पिनशी असतात. ती कुठल्याही पोर्टवरून जात नाहीत हे पोर्ट रुंद केल्यावर परत पाहिलं.

बेसवर लिक्विड गॅस्केटचा पातळ थर, बोल्ट आडवे-तिडवे दोन टप्प्यांत. जाड थर लावला, तर तो आत पिळून ट्रान्सफरच्या तोंडावर येतो. २४ तास तसंच ठेवलं. नंतर स्क्विश पुन्हा मोजला: ०.५५ आणि ०.५७.

इंजिन उघडलं होतं म्हणून क्रँकचे दोन्ही सील नवे घातले. चाचणी: दाब ०.५ बार टिकला. निर्वात मात्र पंधरा सेकंदांत अर्धा गेला. दाब सीलच्या ओठाला शाफ्टवर दाबतो, निर्वात ओठ उचलतो, म्हणून अशी गळती फक्त निर्वातातच दिसते. सील काढून पाहिला: फ्लायव्हीलच्या बाजूच्या ओठावर बारीक चीर. सील घालताना तो शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवरून गेला आणि खाचेच्या धारेने कापला. दुसरा नवा सील घालताना शाफ्टवर पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली, ऑइल लावलं. आता निर्वात एक मिनिट हलला नाही. फक्त दाबाची चाचणी करून समाधान मानलं असतं, तर हे इंजिन पहिल्या आठवड्यात गेलं असतं.

कॉम्प्रेशन: १७२ पीएसआय. यापुढे डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (सुरू करताना थोडा दाब सोडणारा) दाबल्याशिवाय दोरी ओढायची नाही. हाताला बसणारा झटका खरोखर वाढला आहे.

३० नोव्हेंबर – पहिली सुरुवात आणि ट्यूनिंग

इंधन: जास्त ऑक्टेनचं ताजं पेट्रोल, चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, ४०:१, म्हणजे ५ लिटरला १२५ मिली. ऑइलचं प्रमाण बदललं की एच स्क्रू पुन्हा तपासायचा, कारण ऑइल वाढलं तेवढं पेट्रोल त्याच जेटमधून कमी जातं.

एल (कमी वेगाचा स्क्रू) एक फेरा, एच दीड फेरा, दोन्ही मुद्दाम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. तीन वेळा पाच-पाच मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ दिलं.

ट्यूनिंगचा क्रम: आधी एल, मग आयडल (२,७०० आरपीएम, चेन स्थिर), मग एच. रिकाम्यात पूर्ण थ्रॉटलला आवाज फाटका, भरभरता हवा. ओंडक्यात बार टेकवली की तोच आवाज साफ आणि घट्ट व्हायला हवा, उचलली की पुन्हा फाटका. कापातही फाटका राहिला तर रिच, रिकाम्यातही साफ असेल तर लीन. ज्या मशीनच्या कॉइलला वेगमर्यादा असते, तिथे कॉइल ठिणग्या गाळते तेव्हाही असाच आवाज येतो आणि माणूस लीन इंजिनाला रिच समजतो. या मशीनला ती मर्यादा नाही, तरी टॅकोमीटर लावूनच ठरवलं. एच दीड फेऱ्याला जरा कमी, रिकामा वेग १३,१००.

थ्रॉटल सोडल्यावर वेग लगेच खाली आला पाहिजे. आयडल लटकत राहिलं, तर स्क्रू फिरवत बसण्याआधी हवेची गळती शोधायची.

७ डिसेंबर – काप, आणि इग्निशनचा प्रयोग

तीच चेन पुन्हा धार लावून, त्याच ठोकळ्याचा पुढचा भाग. सरासरी ११.३ सेकंद, मूळच्या १४.६ पेक्षा जवळपास २३ टक्के कमी. कापात ९,५०० आरपीएम. ७ दात्यांना एका फेऱ्यात चेन १३३ मिमी सरकते, म्हणजे चेनचा वेग सेकंदाला १९.३ वरून २१.१ मीटर. ढलप्या जाड पडताहेत, भुसा नाही.

इग्निशन ४ अंश पुढे घेऊन, म्हणजे ठिणगी तेवढी आधी पाडून पाहिलं. फ्लायव्हीलमध्येच ओतलेली चावी असते. फिरण्याच्या दिशेची तिची पुढची बाजू घासली, की फ्लायव्हील पुढे सरकून बसतं. शाफ्टचा व्यास तिथे १२ मिमी, एक अंश म्हणजे ०.१०५ मिमी, म्हणून ०.४२ मिमी घासलं. प्रयोग सुट्या फ्लायव्हीलवर, मूळचं जपून. पकड टॅपर (शाफ्टचा निमुळता भाग) देतो, चावी फक्त जागा धरते. म्हणून टॅपर पुसून कोरडा ठेवला आणि नट ठरलेल्या टॉर्कला आवळला.

निकाल: ११.२ सेकंद. चाचणीच्या चढउताराएवढाच फरक. सुरू करताना दोरीचा झटका मात्र वाढला, आणि जोरात कापताना बारीक खडखड ऐकू आली. कॉम्प्रेशन वाढलेल्या इंजिनाला मिश्रण जळायला कमी वेळ लागतो. त्याला आणखी आधी पेटवण्याची गरज नव्हती. मूळ फ्लायव्हील परत लावलं.

२१ डिसेंबर – बारा टाक्यांनंतर

मफलर काढून पाहिला. रिंग चारी बाजूंनी एकसारखी चमकते, पोर्टच्या कोपऱ्यांसमोर ओरखडा नाही. पिस्टनच्या माथ्यावर ट्रान्सफरसमोर धुतलेले दोन स्वच्छ पट्टे, मध्ये तपकिरी काजळी. म्हणजे मिश्रण ठीक. स्कर्टवर उभ्या रेघा नाहीत. कॉम्प्रेशन १७५. निर्वात टिकतो.

मफलरचा एक बोल्ट पाव फेरा ढिला सापडला. नळीचं वजन वाढलं आणि उष्णताही. दोन्ही बोल्टना लॉक वॉशर बदलून घातले. मफलर ढिला झाला की गरम गॅस सिलेंडरच्या तोंडावर आणि प्लॅस्टिकवर उडतो, म्हणून हा बोल्ट आता प्रत्येक टाकीला तपासायचा.

जाळीवर काजळी थोडी आहे, ब्रशने साफ. एअर फिल्टर आधीपेक्षा लवकर भरतोय, दर दोन टाक्यांना धुवायचा. पुढची निर्वात चाचणी पंचविसाव्या टाकीला.